कर्मिट इतक्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवर कसं चाललं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८० च्या दशकात प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, फ्लॉपी एकाची दुसऱ्यात वाचता येत नाही. असं असताना कर्मिट नावाचं फाईल ट्रान्सफरचं सॉफ्टवेअर मेनफ्रेमपासून घरगुती मायक्रोकॉम्प्युटरपर्यंत शेकडो यंत्रांवर कसं पोहोचलं? ते सी भाषेत होतं म्हणून प्रत्येक ठिकाणी पुन्हा कंपाइल केलं आणि झालं, असंच ना?

नाही. सुरुवातीच्या कर्मिटांचा सीशी संबंधच नव्हता. डेक कंपनीच्या डेक-२० या मोठ्या यंत्रावरचं कर्मिट मॅक्रो-२० असेंब्लीत (असेंब्ली म्हणजे त्या-त्या प्रोसेसरची स्वतःची भाषा) होतं, सीपी/एम या मायक्रोकॉम्प्युटरांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं ८०८० प्रोसेसरच्या असेंब्लीत, आयबीएम मेनफ्रेमवरचं ३७० च्या असेंब्लीत. डेकच्याच पीडीपी-११ वरचं टोलेडो विद्यापीठातल्या ब्रायन नेल्सन यांनी मॅक्रो-११ मध्ये लिहिलं. डेकच्याच वॅक्स यंत्राच्या व्हीएमएस सिस्टिमवरचं स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये ब्लिस या भाषेत लिहिलं गेलं. या पाचांत कोडची एक ओळही समाईक नव्हती. समाईक होता तो फक्त तारेवरचा करार, म्हणजे प्रोटोकॉल. म्हणून माझं उत्तर असं की पोर्टिंगचं, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचं, अर्धं काम प्रोटोकॉल ठरवतानाच झालं होतं. समोरच्या यंत्राकडून कमीत कमी अपेक्षा ठेवायची, हा तो निर्णय. उरलेलं अर्धं काम म्हणजे प्रत्येक यंत्राच्या खोडी शोधून त्यांना कोडमध्ये एका ठरलेल्या जागी कोंडून ठेवणं. ते काम ज्यांच्या टेबलावर ते यंत्र होतं त्यांनीच केलं, दुसऱ्या कोणाला ते जमलं नसतं.

थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या कॉम्प्युटर केंद्रात डेक-२० ही टाइमशेअरिंग यंत्रं होती आणि आयबीएमचं मेनफ्रेमही होतं. विद्यार्थ्यांच्या वाट्याला डिस्कवर फार थोडी जागा येई. तेव्हा फाईल फ्लॉपीवर उतरवून घ्यावी आणि लागेल तेव्हा पुन्हा वर चढवावी, अशी कल्पना निघाली. त्यासाठी इंटरटेक कंपनीचे सुपरब्रेन हे झेड-८० वर चालणारे सीपी/एम मायक्रोकॉम्प्युटर घेतले गेले. फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी प्रोटोकॉल आखला आणि पहिली फाईल एप्रिल १९८१ मध्ये गेली. नाव ठेवलं एका बाहुल्यांच्या कार्यक्रमातल्या बेडकाचं.

त्या केंद्रात नुसती डेकची यंत्रं असती, तर हे सॉफ्टवेअर त्या इमारतीबाहेर पडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. डेक-२० फुल ड्युप्लेक्स (दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येणारं), एकेक अक्षर स्वीकारणारं, एस्की या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीवर चालणारं. आयबीएम हाफ ड्युप्लेक्स (आळीपाळीने बोलणारं), ओळीओळीने बोलणारं, आतून एबसिडिक ही आयबीएमची वेगळी क्रमांकपद्धत. या दोन टोकांना पहिल्याच दिवसापासून एकाच प्रोटोकॉलने सांभाळायचं होतं, त्यामुळे मधली बहुतेक यंत्रं आपोआप त्यात सामावली.

आता खुद्द पॅकेट, म्हणजे तारेवरून जाणारा डेटाचा एक तुकडा, पाहू, कारण सगळी हुशारी तिथे आहे. त्या काळच्या होस्ट कॉम्प्युटरच्या दृष्टीने सीरियल लाइनच्या पलीकडे माणूस बसलेला असे, टर्मिनलवर टाइप करणारा. म्हणून टर्मिनल ड्रायव्हर प्रत्येक कंट्रोल अक्षराचा काही अर्थ लावायचा. कंट्रोल-सी आलं की प्रोग्राम बंद, कंट्रोल-एस आलं की आउटपुट थांबलं, कंट्रोल-यू आलं की ओळ खोडली. बायनरी फाईलमध्ये तर हे सगळे बाइट येणारच. त्यात आठवा बिट पुष्कळ ठिकाणी पॅरिटीत, म्हणजे चूक ओळखण्याच्या जादा बिटात, खर्च झालेला, म्हणजे डेटासाठी सातच बिट हाती. आणि ड्रायव्हरचे बफर माणसाच्या टायपिंगच्या हिशोबाने ठेवलेले, लहान.

कर्मिटने यावर भांडण न करता मान तुकवली. पॅकेटच्या सुरुवातीला एक कंट्रोल अक्षर, कंट्रोल-ए. शेवटी कॅरेज रिटर्न. मधलं सगळं छापता येण्याजोगं, म्हणजे एस्की ३२ ते १२६ मधलं. लांबी, क्रमांक, चूक पकडणारी बेरीज असे आकडे पाठवायचे तर त्यांत ३२ मिळवून त्यांचं अक्षर करायचं. १२६ मधून ३२ वजा केले की ९४ उरतात. लांबीच्या खान्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच, आणि साध्या पॅकेटची मर्यादा तीच.

डेटातलं कंट्रोल अक्षर आलं की त्याचा ६४ चा बिट उलटवून त्याआधी # लावायचा. कॅरेज रिटर्न म्हणजे १३, तो होतो ७७, म्हणजे कॅपिटल एम. लाइन फीड १०, तो होतो जे. त्यामुळे कर्मिटचा लॉग उघडला की मजकुराच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी #एम#जे ही जोडी दिसते. आठवा बिट लावलेला बाइट पॅरिटीच्या लाइनवरून न्यायचा असेल तर आधी & लावतात. एकच बाइट ओळीने अनेकदा येत असेल तर ~ आणि त्यापुढे संख्या. वीस शून्य बाइट असतील तर ~, मग २० अधिक ३२ म्हणजे ५२ क्रमांकाचं अक्षर, जे आहे ४ हा आकडा, आणि मग #@. वीस बाइटांचं काम चार अक्षरांत.

एक पॅकेट हाताने सोडवून दाखवतो. ज्याने कर्मिट वापरलंय त्याने स्क्रीनवर हे कधी ना कधी पाहिलेलंच असतं: हॅश, एक मोकळी जागा, कॅपिटल एन, आणि ३. होस्टवर कर्मिटला सर्व्हर म्हणून बसवलं आणि कोणी काही पाठवलं नाही, की ठराविक वेळाने ते ही चार अक्षरं टाकत राहतं. दिसणारं पहिलं अक्षर # म्हणजे ३५. त्यातून ३२ वजा, उरले ३. पुढे तीन अक्षरं आहेत ही लांबी झाली. दुसरी मोकळी जागा म्हणजे ३२, वजा ३२, शून्य: पॅकेट क्रमांक शून्य. तिसरं एन म्हणजे नॅक, नकार, ‘मला शून्य क्रमांकाचं पॅकेट मिळालं नाही, पाठव’. शेवटचं अक्षर बेरजेचं. ३५ अधिक ३२ अधिक ७८, झाले १४५. हे आठ बिटांत लिहिल्यावर वरच्या दोन बिटांची किंमत येते २. ती मिळवली, १४७. त्यातले खालचे सहा बिट घेतले, १९. त्यात ३२ मिळवले, ५१. आणि एस्की ५१ म्हणजे ३ हाच आकडा. वरचे दोन बिट पुन्हा खाली मिळवण्याचं कारण असं की बेरीज सहाच बिटांची असली तरी वरच्या बिटांत झालेली चूक निसटू नये.

याचा व्यवहारात फार मोठा उपयोग झाला. नवीन यंत्रावर कर्मिट बसवताना लॉजिक अ‍ॅनालायझर कोणाकडे असणार? पण साध्या टर्मिनलवर ही चार अक्षरं स्वच्छ दिसली तर लाइन, वेग आणि पॅरिटी ठीक आहेत हे कळायचं. हॅशच्या जागी काही भलतंच चिन्ह आलं तर पॅरिटी चुकलेली. टेलिफोनवरून दुसऱ्या गावच्या माणसाला ‘काय दिसतंय ते अक्षर अक्षर वाचून सांग’ म्हणता यायचं. बायनरी हेडर असलेल्या प्रोटोकॉलमध्ये ही सोय नाही.

तुलनेसाठी एक्समोडेम घ्या. वॉर्ड क्रिस्टनसन यांनी १९७७ मध्ये सीपी/एमसाठी ते लिहिलं. सुटसुटीत, वेगवान आणि त्याच्या जागी उत्तम. पण त्याचा ब्लॉक १२८ बाइटांचा, कारण सीपी/एमचं डिस्क रेकॉर्ड १२८ बाइटांचं. ब्लॉकचा क्रमांक, त्याचा पूरक आणि बेरीज, सगळे उघडे आठ बिटांचे बाइट. पॅरिटी वापरणाऱ्या होस्टवर ते चालणं शक्यच नव्हतं. एका यंत्राची सवय प्रोटोकॉलमध्ये उतरली की पुढे प्रत्येक यंत्राला ती सोसावी लागते, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आयबीएम मेनफ्रेमवर गाडं कुठे अडायचं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. ३७०५ सारख्या कम्युनिकेशन कंट्रोलरमधून जाणाऱ्या लाइनवर मेनफ्रेम ‘आता तू बोल’ म्हणून एक्सऑन हे कंट्रोल अक्षर पाठवायचं. ते येण्याआधी मायक्रोने पॅकेट टाकलं तर ते हवेत विरायचं. म्हणून कर्मिटमध्ये हँडशेक नावाची सेटिंग आली: पॅकेट वाचून झाल्यावर एक्सऑनची वाट पाहायची आणि मगच उत्तर द्यायचं. मेनफ्रेमवरच्या प्रोग्रामला टर्मिनलकडून वाचत बसल्यावर मध्येच टाइमआउट घेता येत नसे, म्हणून घड्याळ मायक्रोने सांभाळायचं. आधी # एन३ सांगितलं तो नकार ठराविक वेळाने टाकणं त्यामुळेच मेनफ्रेमला शक्य नव्हतं. सीपी/एमच्या कर्मिटमध्ये यासाठी ‘सेट आयबीएम ऑन’ अशी एकच आज्ञा होती. एमएस-डॉसमध्ये तिचा मॅक्रो झाला: मार्क पॅरिटी, लोकल एको, एक्सऑन हँडशेक, फ्लो कंट्रोल बंद, टायमर चालू.

त्यातही एबसिडिकचा घोळ वेगळा. कंट्रोलर येणारं एस्की अक्षर एबसिडिकमध्ये बदलून प्रोग्रामच्या हातात देई. पण कर्मिटचं गणित एस्कीवर आहे. ६४ चा बिट उलटवणं एबसिडिकमध्ये निरर्थक. तेव्हा मेनफ्रेमवरचं कर्मिट आलेलं पॅकेट पुन्हा एस्कीत बदलतं, बेरीज तपासतं, डेटा सोडवतं आणि मजकुराची फाईल असेल तर परत एबसिडिकमध्ये नेतं. एखाद्या ठिकाणी भाषांतराचा तक्ता थोडा वेगळा असला, टिल्ड किंवा चौकटी कंस भलतीकडे गेले, की नेमक्या त्या चिन्हांची पॅकेटं फुटायची. म्हणून #, &, ~ ही उपसर्गाची चिन्हं पहिल्याच पॅकेटमध्ये ठरवून बदलता येतात. काही होस्ट ओळीच्या शेवटची मोकळी जागा खाऊन टाकत. बेरजेचं अक्षर योगायोगाने ३२, म्हणजे मोकळी जागा, आलं की पॅकेट एका अक्षराने तोकडं. त्यासाठी पुढे मोकळी जागा कधीच न वापरणारी दोन अक्षरी बेरीज घालण्यात आली. अशी प्रत्येक सेटिंग म्हणजे कुठल्या तरी यंत्रावर कोणीतरी काढलेल्या रात्रींची खूण आहे. सेटिंग फार आहेत म्हणून कर्मिटला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

हे सगळं इतिहासजमा झालंय असं समजू नका. मी पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपांत सीएनसी यंत्रांना पार्ट प्रोग्राम पोहोचवण्याची कामं करतो. तिथल्या जुन्या फानुक कंट्रोलरांवर आजही सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट आणि डीसी१, डीसी३ अशी पंच-टेपच्या काळातली भाषा चालते. डीसी१ म्हणजेच तो एक्सऑन. लॅपटॉप जोडणारा मुलगा आठ बिट, नो पॅरिटी ठेवतो आणि केबलला दोष देत बसतो.

तार झाली, आता फाईल. इथे दुसरं जग सुरू होतं. डेक-२० चा शब्द ३६ बिटांचा. मजकूर असेल तर त्यात सात बिटांची पाच अक्षरं बसतात आणि एक बिट उरतो. पण सीपी/एमचा चालवायचा प्रोग्राम तिथे ठेवायचा तर आठ बिटांचे चार बाइट घालून चार बिट वाया घालवावे लागतात. फाईल कशी ठेवली आहे हे कर्मिटला सांगावं लागे, चुकीचं सांगितलं तर आठवा बिट गेलाच. सीपी/एमला फाईलची नेमकी लांबी ठाऊकच नसते, १२८ बाइटांची रेकॉर्डं किती एवढंच. मजकुराचा शेवट कंट्रोल-झेडने ओळखायचा, आणि बायनरीत मात्र कंट्रोल-झेड हा साधा बाइट मानायचा. व्हीएमएसवर फाईल म्हणजे बाइटांची ओळ नसून रेकॉर्डांचा संच, आणि रेकॉर्डांचेही प्रकार अनेक. मॅकिंटॉशवर एका फाईलला दोन शाखा, डेटा आणि रिसोर्स. ओळ संपवायला युनिक्स लाइन फीड लावतं, जुनं मॅक कॅरेज रिटर्न, एमएस-डॉस दोन्ही.

प्रत्येक यंत्राने दुसऱ्या प्रत्येकाची पद्धत शिकायची म्हटलं तर काम कधी संपलंच नसतं. कर्मिटने तारेवरचं एकच रूप ठरवलं: मजकूर असेल तर एस्की आणि ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न व लाइन फीड. पाठवणाऱ्याने आपल्या पद्धतीतून त्या रूपात आणायचं, घेणाऱ्याने त्या रूपातून आपल्या पद्धतीत न्यायचं. नवीन यंत्र आलं तर त्याने फक्त स्वतःची आणि या मधल्या रूपाची गाठ घालायची. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटांतला मराठी मजकूर बदलताना आपण आज मध्ये युनिकोड धरतो, तीच ही युक्ती. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस युरोपीय भाषा, रशियन आणि जपानी यांच्यासाठी याच तत्त्वावर अक्षरसंचांची भर पडली, कारण उच्चारचिन्हांची अक्षरं प्रत्येक कंपनीने आपापल्या जागी ठेवली होती.

पण मजकूर आणि बायनरी यांतला फरक यंत्राला नेहमी ओळखता येत नाही, तो माणसाने सांगावा लागतो. कर्मिटच्या वापरात सगळ्यात जास्त फाईली याच कारणाने बिघडल्या असतील. यावर पूर्ण तोडगा कोणालाच सापडलेला नाही.

आता कोडची कापणी. सीपी/एमचं उदाहरण सर्वांत बोलकं. सीपी/एम ही एकच ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोसेसरही ८०८० किंवा झेड-८०. तरी सीरियल पोर्टची जागा प्रत्येक यंत्रात निराळी. केप्रोमध्ये झेड-८० एसआयओ ही चिप सरळ आय/ओ पोर्टवर सापडते. ऑस्बर्न-१ मध्ये ६८५० ही चिप मेमरीच्या पत्त्यावर बसवलेली, आणि मेमरीची बँक बदलल्याशिवाय ती दिसतच नाही. सीपी/एम स्वतः सीरियल लाइनसाठी जवळजवळ काहीच धड देत नाही. आधी सगळ्या यंत्रांचं कोड एकाच प्रोग्राममध्ये, कोणत्या यंत्रासाठी असेंबल करायचं ते सांगणाऱ्या अटींसकट होतं. यंत्रं वाढली तशी ती फाईल कोणालाच सांभाळेना. मग कर्मिट-८० चे दोन भाग झाले. एक सगळ्यांना समान: पॅकेट, आज्ञा, डिस्क. दुसरा छोटा, यंत्रापुरता: पोर्ट सुरू कर, अक्षर आलंय का पाहा, अक्षर घे, अक्षर टाक, वेग बदल, स्क्रीन पूस, कर्सर हलव. दोन्हींच्या हेक्स फाईली (मजकुराच्या रूपात मांडलेला प्रोग्राम) शेवटी जोडायच्या. नवीन यंत्राच्या मालकाला पॅकेटचं काही समजायची गरज उरली नाही. आपल्या यंत्राचं मॅन्युअल समोर घेऊन एवढी थोडी कामं लिहिली की झालं.

ज्याला तेही शक्य नाही त्याच्यासाठी जेनेरिक आवृत्ती होती. ती फक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॉलवर चाले. हळू, पण चाले. हळू असूनही चालण्याचं श्रेय प्रोटोकॉलला. मूळ कर्मिट एक पॅकेट पाठवून पोचपावतीसाठी थांबतं, आणि याबद्दल त्याला मंद म्हणून हिणवलं गेलं. पण फ्लॉपीवर लिहीत असताना कित्येक मायक्रोंना सीरियल पोर्टकडे बघायची फुरसत नसे. लिहून होईपर्यंत पावती द्यायची नाही, म्हणजे पुढचं पॅकेट येत नाही, म्हणजे काही हरवत नाही. फ्लो कंट्रोल नसलेल्या यंत्रावर हेच फ्लो कंट्रोल.

सगळ्यात अवघड पायरी अनेकांच्या लक्षात येत नाही: कर्मिट त्या यंत्रावर पहिल्यांदा नेणार कसं? फाईल नेण्याचं साधन हीच एक फाईल आहे आणि त्या आकाराची फ्लॉपी दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही. सीपी/एमच्या पुस्तिकेत यासाठी एक छोटा असेंब्ली प्रोग्राम छापलेला असे. तो हाताने टाइप करायचा. तो होस्टकडून कर्मिटची हेक्स फाईल ओळीओळीने घेऊन साठवायचा. एमएस-डॉससाठी ‘बू’ फाईली आल्या, बूटस्ट्रॅपमधला बू. तीन बाइटांचे २४ बिट चार तुकड्यांत कापायचे, प्रत्येक सहा बिटांच्या तुकड्यात ४८ मिळवायचे, म्हणजे छापता येणारी चार अक्षरं होतात. सलग शून्यांसाठी ~ आणि संख्या. ही मजकूर फाईल कशीही, कुठल्याही मार्गाने न्या, आणि बेसिकमधला लहानसा प्रोग्राम चालवून मूळ प्रोग्राम परत मिळवा. बेसिक जवळपास प्रत्येक यंत्रावर होतं, म्हणूनच ते निवडलं.

एमएस-डॉसबद्दल आज लोकांना वाटतं की पीसी म्हणजे सगळे एकसारखे. १९८३-८४ मध्ये तसं मुळीच नव्हतं. डेक रेनबो, व्हिक्टर ९०००, एचपी-१५०, वांग, टीआय प्रोफेशनल, झेनिथ झेड-१००, या सगळ्यांवर एमएस-डॉस होतं आणि आयबीएम पीसीसाठी लिहिलेला सीरियल कोड यांतल्या एकावरही चालत नसे. डॉसचं स्वतःचं सीरियल डिव्हाइस बिनभरवशाचं, म्हणून चिपला थेट हात घालावा लागे आणि चिप प्रत्येकाची वेगळी. इथेही तीच कापणी: समान मॉड्यूल एकीकडे, यंत्राचं मॉड्यूल दुसरीकडे. पुढे युटा स्टेट विद्यापीठातले जो डूपनिक यांनी ही आवृत्ती वर्षानुवर्षं वाढवली आणि सांभाळली.

मग १९८५ च्या सुमारास सी-कर्मिट आलं, आणि आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सी आल्यावर तरी नुसतं कंपाइल करून भागलं का? तेव्हाचं सी एकसारखं नव्हतं. पीडीपी-११ वर आणि वॅक्सवर साधा कॅरॅक्टर प्रकार चिन्हासहित धरला जाई, म्हणजे १९३ चा बाइट ऋण होऊन बेरीज बिघडे. आणि जुन्या कंपायलरना अनसाइन्ड कॅरॅक्टर माहीतच नसे. इंटिजर कुठे १६ बिटांचा, कुठे ३२. काही लिंकर नावाची पहिली सहाच अक्षरं बघत, म्हणून नावं सहा अक्षरांत वेगळी ओळखू यावीत असा शिरस्ता पडला. मॅकिंटॉश आणि ओएस-९ च्या कंपायलरांत नवी ओळ म्हणजे १० ऐवजी १३. एएनएसआय सी आल्यावर फंक्शनची घोषणा नव्या पद्धतीने हवी आणि जुन्या कंपायलरला ती खपत नाही, म्हणून दोन्हीकडे चालेल असा मॅक्रो करावा लागला.

त्याहून मोठी डोकेदुखी युनिक्सची. नाव एक, वागणूक वेगळी. टर्मिनल रॉ मोडमध्ये, म्हणजे अक्षरांचा अर्थ न लावता ती जशीच्या तशी घेण्याच्या स्थितीत, नेण्याची पद्धत सातव्या आवृत्तीत आणि बीएसडीत एक, सिस्टिम-३ आणि सिस्टिम-५ मध्ये दुसरी, पॉझिक्समध्ये तिसरी. लाइनवर काही अक्षर येऊन पडलंय का, एवढा साधा प्रश्न. बीएसडीवर त्याला कॉल आहे, झेनिक्सवर वेगळा कॉल आहे, आणि सातव्या आवृत्तीत काहीच नाही. तिथे सी-कर्मिट कर्नलची मेमरी उघडतं, चिन्हांच्या यादीतून टर्मिनलच्या रांगेचा पत्ता काढतं आणि रांगेत किती अक्षरं आहेत ते थेट वाचतं. त्यासाठी मेकफाईलमध्ये त्या यंत्राच्या कर्नल फाईलचं नाव द्यावं लागे. हे कोड वाचताना मला आजही लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो. लॉक फाईली हा आणखी एक छळ. तीच लाइन यूयूसीपी हा युनिक्सचा फाईल पाठवणारा प्रोग्राम वापरतो, तर दोघांनी एकाच जागी, एकाच स्वरूपात ‘लाइन व्यापलेली आहे’ अशी नोंद ठेवायला हवी. ती डिरेक्टरी प्रत्येक युनिक्सवर दुसरीकडे, आणि आतला प्रोसेस क्रमांक कुठे अंकांत तर कुठे बायनरीत.

सी-कर्मिटची कापणी फाईलींच्या नावांतच दिसते. सगळी नावं ‘सीके’ ने सुरू होतात. तिसरं अक्षर सी असेल तर सगळ्यांना समान, यू असेल तर युनिक्स, व्ही व्हीएमएस, आय अमिगा, ओ ओएस/२, एस अटारी एसटी. प्रोटोकॉलची फाईल एकच, ती युनिक्सलाही तीच आणि व्हीएमएसलाही तीच. नवीन सिस्टिमसाठी मुख्यतः दोन फाईली लिहायच्या: एक लाइनशी बोलणारी, एक फाईल सिस्टिमशी बोलणारी. नावं सहा अक्षरांत बसवली, कारण चुंबकीय टेपवरून ती अशा सिस्टिमवरही उतरायची होती जिथे याहून लांब नाव मावत नसे.

इतक्या आवृत्त्या, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या, तरी एकमेकांशी बोलल्या, ते पहिल्या पॅकेटमुळे. पाठवणारा त्यात सांगतो: माझी लांबी एवढी, टाइमआउट एवढा, उपसर्ग हे, मला अमुक जमतं. उत्तर देणारा आपलं सांगतो. जे दोघांनाही जमतं तेवढंच वापरायचं. एखादा रकाना आलाच नाही तर त्याची ठरलेली डीफॉल्ट किंमत धरायची. त्यामुळे नंतर ९०२४ बाइटांची लांब पॅकेटं आली, पावतीची वाट न पाहता अनेक पॅकेटं सोडणारी सरकती खिडकी आली, फाईलची तारीख आणि आकार सांगणारं पॅकेट आलं, पण १९८२ च्या कर्मिटशी बोलताना नवं कर्मिट निमूटपणे ९४ अक्षरांवर येतं.

कोलंबियाने कर्मिटची नक्कल करून पुढे द्यायची मुभा दिली होती, म्हणून टेप पोस्टाने जगभर गेल्या आणि नव्या यंत्रांच्या आवृत्त्या परत आल्या. विद्यापीठाने प्रकल्प २०११ मध्ये बंद केला आणि सी-कर्मिट बीएसडी परवान्याखाली खुलं झालं, तेव्हा मूळ कोड तुम्हाला आज सहज मिळेल. वाचायला सुरुवात ‘सीकेयूटीआयओ’ या फाईलपासून करा. प्रोटोकॉलची फाईल नंतर वाचली तरी चालेल.

आणि तुम्हाला एखाद्या जुन्या यंत्रासाठी स्वतः लिहायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी नुसतं टर्मिनल करा, आठ बिट आहेत की सात ते समोर पाहा. मग होस्टवर कर्मिट सर्व्हर लावून # एन३ स्वच्छ दिसतं का ते तपासा. पहिली फाईल १२०० बॉडवर, मजकुराची, दोन-तीन ओळींची. त्यानंतर ० ते २५५ असे सगळे बाइट एकदा असलेली फाईल, बायनरीत, दोन्ही दिशांना. ती बाइटन् बाइट जुळली की मगच वेग वाढवा आणि लांब पॅकेटं चालू करा. काही बिघडलंच तर लांबी आधी कमी करा आणि पॅरिटी त्यानंतर तपासा, कारण लहान बफर हा दोष बाकी सगळ्या दोषांसारखा दिसतो.